काम नसताना केलेला प्रवास

ती : भाऊ, नांदेडहून लातूरला महामार्गानं यायचं तर साधारण एकशे चाळीस किलोमीटर. एसटी तीन-चार तासांत आणून सोडते. तुम्ही मात्र लोहा, कंधार, जांब, जळकोट, उदगीर, निलंगा, किल्लारी, औसा असा भला मोठा वळसा घालून सायकलवर येता, तेही एकटे. व्यायाम हवा असेल तर तो घराजवळच्या रस्त्यावर होतो. किल्ले बघायचे असतील तर कंधारला आणि उदगीरला गाडी जाते. माणसं भेटायला हवीत म्हणाल, तर जो कुठंच दोन घटका थांबत नाही त्याला माणूस किती भेटणार? तुमच्यासारखी मंडळी अलीकडं वाढली आहेत. अंगाला घट्ट कपडे, डोक्यावर हेल्मेट, हँडलला मोबाईल. पारावरची माणसं त्यांच्याकडं कौतुकानं बघतात, पोरं मागं धावतात. मला त्यात आमच्या मुलखाला आलेलं महत्त्व दिसत नाही. कुणीतरी आपल्या हौसेसाठी आमचा रस्ता वापरतो आहे, एवढंच दिसतं.

तो : ताई, हौस आहे हे मी नाकारत नाही. पण ती कशाची, ते सांगू द्या. नांदेड गोदावरीच्या काठावर, समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या आसपास. लातूर पठारावर, सहाशे मीटरच्या वर. म्हणजे नांदेडचा माणूस लातूरला जातो तेव्हा अडीचशे मीटरपेक्षा जास्त चढतो. गाडीत बसलेल्याला हे कळतच नाही, कारण बालाघाटचे हे चढ डोळ्यात भरणारे नाहीत. लांबच लांब, संथ चढ आहेत, मधेच एखादा उतार लागतो आणि माणूस फसतो. सायकलवर मात्र पोटऱ्यांना ते कळतं. एकदा ते कळलं की लातूरच्या पाण्याचं कोडं वेगळं दिसायला लागतं. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होतं. तेव्हा बाहेरची माणसं विचारत होती, शेजारच्या नांदेडातून गोदावरी वाहते, मग पाणी एवढ्या लांबून कशाला? त्या प्रश्नाचं एक उत्तर या चढात आहे. गोदावरी खाली आहे आणि लातूर वर. धनेगावचं मांजरा धरण आटलं की वरच्या माणसाला खालचं पाणी फुकट मिळत नाही. मी हे वाचलेलं होतं. पटलं ते चढताना.

ती : तुम्हाला जे चढताना पटलं ते आमच्या बायकांना डोक्यावर घागर घेतल्याक्षणी पटलेलं असतं. विहिरीपासून घरापर्यंत चढ किती, हे सांगायला त्यांना समुद्रसपाटी लागत नाही. माझी अडचण हीच आहे. गावाला जे रोजचं आहे ते तुम्ही एकदा अंगावर घेता आणि त्याला ज्ञान म्हणता. आणखी एक सांगते. तुम्ही लोक थंडीत येता, डिसेंबर-जानेवारीत. साहजिक आहे, मे महिन्यात इथं बेचाळीस-त्रेचाळीसवर पारा जातो आणि पावसाळ्यात काळी माती चाकाला धरून बसते. पण दिवाळीनंतर मुखेड, कंधार, जळकोट भागातले तांडे कसे असतात? मुकादमाकडून उचल घेतलेली कोयती ऊस तोडायला साखर कारखान्यांना गेलेली असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. तान्ही लेकरंही बरोबर. मागं उरतात म्हातारी माणसं, शाळेत जाणारी थोडी पोरं आणि दाराला कुलपं. तुम्ही तिथून जाता आणि म्हणता, किती शांत गाव आहे. भाऊ, ती शांतता नाही. कामाची माणसं सहा महिन्यांसाठी उठून गेलेली असतात.

तो : हे तुम्ही सांगितलंत ते महत्त्वाचं आहे, आणि तोंडदेखलं मान्य करून मी पुढं जाणार नाही. पण कुलूप लावलेली घरं मला दिसली ती सायकलमुळंच. तांडे मुख्य रस्त्यावर नसतात. फाट्यावरून आत दोन-तीन किलोमीटर जावं लागतं. गाडीवाल्याला आत वळायचं कारण नसतं, मला असतं, कारण बाटलीतलं पाणी संपतं. पाणी मागायला गेलं की दारात म्हातारी बसलेली असते. ती आधी बसायला सांगते आणि मग कोण कुठल्या कारखान्याला गेलं ते सांगते. मी अभ्यासक म्हणून गेलो असतो तर प्रश्न मी विचारले असते. मी तहानलेला म्हणून जातो, तेव्हा प्रश्न ती विचारते, कुठून आलास, घरी कोण आहे, बायकोनं जाऊ कसं दिलं. लांबच्या सायकल प्रवासात माणूस सतत कुणाच्या तरी दारात गरजवंत म्हणून उभा असतो. पाणी, हवा भरायचा पंप, रात्रीचं छप्पर. घोळका असला की ही गरज घोळक्यातच भागते. एकटा असलात की गावाकडंच हात पसरावा लागतो. म्हणून मी एकटा जातो.

ती : हात पसरणं हीसुद्धा ज्याच्या खिशात परतीचे पैसे आहेत त्याची चैन असते. पण ते राहू द्या. त्या म्हातारीनं दिलेलं पाणी तुम्ही कशात प्यालात?

तो : तांब्यात. का?

ती : कारण या जिल्ह्यांत ते विचारावं लागतं. ‘कुठले पाव्हणं’ हा पहिला प्रश्न झाला की दुसरा नावाचा असतो. नुसतं नाव सांगितलं तर तिसरा आडनावाचा. तुम्ही प्रवासाची गोष्ट सांगता तेव्हा म्हणता, लोक फार चांगले, कुणीही घरात घेतं. तुम्हाला घेतलं असेल. तुमचं आडनाव ऐकून घेतलं असेल. त्याच सायकलवर, त्याच रस्त्यानं, दुसऱ्या आडनावाचा मुलगा गेला तर तेच गाव भेटेल का? तुम्ही सायकलवाले एकमेकांची वर्णनं वाचता, परदेशातली वाचता. डॉ. आंबेडकरांचं ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ प्रवासवर्णन म्हणून वाचलंत कधी? लहानपणी वडिलांना भेटायला निघालेल्या मुलांना बैलगाडी मिळता मिळत नाही, वाटेत पाणी मिळत नाही. आणि १९३४ मध्ये दौलताबादला, आपल्याच मराठवाड्यात, हौदाच्या पाण्यानं तोंड-पाय धुतले म्हणून सगळ्या मंडळींना लोक घेरतात. तेही प्रवासीच होते. किल्ला बघायला आले होते, तुम्ही कंधारचा बघायला जाता तसेच. आपल्या मुलखातल्या प्रवासाचं वर्णन लिहायचं तर त्याची सुरुवात तिथून व्हायला हवी, असं माझं ठाम म्हणणं आहे.

तो : यावर मी लगेच बोलू नये, पण बोलतो. पहिल्या नावानंतर आडनाव विचारतात, हे खरं आहे. मी ते टाळून पाहिलं. टाळलं की समोरच्याचा चेहरा अवघडतो, आणि अवघडलेपण संपावं म्हणून आपणच सांगून टाकतो. सांगितलं की बाज पुढं ओढली जाते. ती बाज कशामुळं पुढं आली हे मला तेव्हाही समजत होतं. पण हा मुलूख एवढाच नाही, ताई. मी निघतो तिथंच सचखंड गुरुद्वारा आहे. गुरू गोविंदसिंगांचा १७०८ मध्ये जिथं अंत झाला ती जागा. तिथल्या लंगरमध्ये पंगतीत बसताना कुणी नाव विचारत नाही. डोकं झाका आणि बसा, एवढंच. शेजारी ट्रकवाला असतो, पंजाबातून आलेलं कुटुंब असतं, नांदेडातलाच एखादा भुकेला माणूस असतो. आणि इकडं लातूरच्या बाजूला वेळ अमावस्या. येळवसच्या दिवशी शहर ओस पडतं आणि सगळे शेतात असतात. कडब्याच्या कोपीपुढं भज्जी, आंबील, उंडे, खीर. रस्त्यानं जाणाऱ्याला हाका मारून बोलावतात. त्या दिवशी सायकलवर पुढं सरकताच येत नाही, इतक्या हाका येतात.

ती : येळवस माझाही सण आहे, माझ्या फार जवळचा. पण त्याची बाजू बघा. ज्याला शेत आहे तो हाक मारतो. ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात जेवतो. त्या दिवशी तो पाहुणा असतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच बांधावर मजूर. लंगरचं मात्र मला मान्य आहे. तिथं यजमानच नाही, म्हणून पाहुणाही नाही. हा फरक तुम्ही रस्त्यात ओळखायला शिकलात तर तुमच्या फिरण्याला मी हौस म्हणणार नाही. आता दुसरं विचारते. तुमच्यातले पुष्कळ जण सायकलला फलक लावतात. पर्यावरण वाचवा, मुलगी वाचवा, रक्तदान करा. तुमच्या सायकलला काहीच नाही. का?

तो : कारण मला गावाला सांगायचं काही नाही. ज्या मुलखात माणसं अजून पायी, एसटीनं, एका मोटारसायकलवर तिघं अशी जातात, त्यांना मी येऊन पर्यावरणाचं काय सांगू? फलक असला की लोक फलकाशी बोलतात, सरपंच हार घालतात, फोटो निघतो आणि मला पुढं ढकललं जातं. फलक नसला की ‘मग कशाला निघालास’ हा प्रश्न उरतो आणि त्याचं उत्तर देता देता गप्पा होतात. आपल्याकडं माणूस कारणाशिवाय गाव सोडत नाही. बाजार, दवाखाना, लग्न, दहावा, कोर्टाची तारीख, माळेगावची जत्रा, माहूरची देवी. प्रत्येक प्रवासाला नाव आहे. मी म्हणतो, काही काम नाही, बघत चाललोय. पहिल्यांदा त्यांना ते खोटं वाटतं. मग कुणीतरी म्हणतं, असं आम्हालाही एकदा जायचं होतं. हे वाक्य मी इतक्या पारांवर ऐकलं आहे की माझ्यासाठी त्या प्रवासाचं फळ तेच आहे. १९२३ मध्ये मुंबईहून पारशी तरुण सायकलवर जगाच्या सफरीला निघाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा या तिघांनी ती १९२८ मध्ये पुरी केली. त्यांनी पुस्तक लिहिलं म्हणून आपल्याला ते माहीत आहेत. पण त्यांना बघून वाटेवरच्या किती गावांत किती जणांना ‘आपणही’ असं वाटलं असेल, ते कुठं लिहिलेलं नाही.

ती : पारावर तुम्हाला हे वाक्य कोण म्हणालं? पुरुष. कारण पारावर तेच असतात. आता मी खरी गोष्ट बोलते. कारण नसलेला प्रवास तुम्हाला मोठा वाटतो. तो मलाही मोठा वाटतो, म्हणूनच मला त्याचा राग येतो. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ मध्ये मुंबईवर एक पुस्तक लिहिलं, ‘व्हाय लॉयटर’. त्यांचं म्हणणं असं की बाईला बाहेर दिसायचं तर हातात कारण लागतं, पिशवी, फाईल, लेकरू. काही काम नसताना नुसतं बाहेर असण्याचा हक्क तिला नाही, आणि तोच मागायला हवा. मुंबईत ही गत, तर आमच्या रस्त्यांवर काय असेल? सायकल बायकांना नवीन नाही. मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जायला सायकल मिळते. निळ्या बसही त्यातल्याच. मी ज्या शाळेत शिकवते तिथं सकाळी सायकलींची रांग लागते. पोरी जोरात चालवतात, कॅरिअरवर मैत्रीण बसलेली असते, हसतात, ओरडतात. पण ती सायकल कारणाला बांधलेली आहे. घर ते शाळा, शाळा ते घर. अर्धा तास उशीर झाला की विचारणा होते. बारावी झाली, लग्न ठरलं, की सायकल धाकट्या भावाकडं जाते. तो ती घेऊन कुठंही जातो. त्याच गावात, त्याच सायकलनं, दोन वेगळे रस्ते.

तो : म्हणून कुणी जायचंच नाही का? पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी यांनी २०१८ मध्ये सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा केली. सुमारे एकोणतीस हजार किलोमीटर, त्यातलं बहुतेक अंतर एकटीनं. स्पेनमध्ये चाकू दाखवून त्यांना लुटलं, तरी त्या पुढं गेल्या. मराठी मुलीनं हे केलं आहे.

ती : त्यांच्याबद्दल मला आदर आहे, तुमच्याइतकाच. पण त्यांचं नाव तुम्ही मला उत्तर म्हणून देऊ नका. एका मुलीनं जगाला वळसा घातला म्हणून माझ्या वर्गातल्या मुलीला शेजारच्या गावाला वळसा घालता येत नाही. खरं तर उलट होतं. घरचे म्हणतात, ती वेगळी, आपलं काय. असाधारण गोष्टीनं साधी गोष्ट सोपी होत नाही. मला एकोणतीस हजार किलोमीटर नकोत. मला हवं आहे की चाकूरच्या एखाद्या मुलीनं रविवारी दुपारी म्हणावं, मी जरा सायकलवर जाऊन येते, आणि घरानं विचारू नये, कुठं. तुमच्या एकट्या प्रवासानं हे एका इंचानं तरी जवळ येतं का, तेवढं सांगा.

तो : येत नसेल. पुरुषाला एकटं फिरताना बघून मुलीच्या बापाचं मन बदलत नाही, हे मी मानतो. पण माझी एक अडचण समजून घ्या. जे सगळ्यांना मिळत नाही ते कुणीच करू नये असं धरलं, तर चांगल्या गोष्टी कमीच होत जातील. ‘काही काम नाही, बघत चाललोय’ असं म्हणणारा निदान एक माणूस रस्त्यावर असावा. नाहीतर ही शक्यताच गावाच्या डोळ्यांसमोरून जाईल. आणि बघण्यालाही काही किंमत आहे. किल्लारीचं उदाहरण घ्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून लोक नुकते झोपले होते तेव्हा भूकंप झाला आणि हजारो माणसं गेली. त्यांना कशानं मारलं? जाड दगडमातीच्या भिंती आणि वर माळवदाचं मातीचं ओझं. उन्हाळ्यात गार ठेवणारं तेच घर अंगावर आलं. किल्लारीला पोचेपर्यंत मी अशी घरं असलेल्या कितीतरी गावांतून आलेलो असतो. त्यांच्या सावलीत बसलेला असतो, तो गारवा अंगावर घेतलेला असतो. म्हणून जुन्या किल्लारीच्या जागेवर उभं राहिल्यावर मला नुसता स्मारकाचा दगड दिसत नाही. मग पुनर्वसनातलं गाव, रुंद सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट, सुटी सुटी घरं. जुन्या गल्लीत भिंतीला भिंत होती, इथं शेजारणीला हाक मारायची तर रस्ता ओलांडावा लागतो. काही गावं आपल्या शेतांपासून लांब गेली. ते लांब म्हणजे किती लांब, हे पायडल मारून कळतं. यातून मी कुणाचं भलं केलं असं म्हणत नाही. पण मी हे विसरणार नाही, आणि ज्यांना सांगेन तेही लवकर विसरणार नाहीत.

ती : भूकंपाचं तुम्ही बोललात ते मला भिडलं. गाडीत बसून गेलेला माणूस असं बोलत नाही, हे मी कबूल करते. सायकलनं तुम्हाला मुलूख सलग दिसतो. एक नदी बघा. मांजरा आमच्या लातूरमधून वाहते, बिदरकडं कर्नाटकात जाते, तेलंगणात शिरते, तिथं उत्तरेकडं वळते आणि बिलोलीच्या बाजूनं पुन्हा नांदेडच्या शिवेला लागून गोदावरीत मिळते. मन्याड, लेंडी, तिरू, सगळ्या तिच्याकडंच जातात. तालुक्याच्या नकाशात हे तुकडे पडतात, तुमच्या रस्त्यात जोडले जातात. एवढी तुमची बाजू मी घेते. माझा आक्षेप बघण्यावर राहिलेला नाही. तो आता सांगण्यावर आहे. तुम्ही परत जाऊन जे सांगता त्यात चढ असतो, थंडी असते, पंक्चर असतं, बाभळीचा काटा असतो, शेवटी ‘माणसं फार चांगली’ असतं. जे तुम्हाला भेटलं नाही ते त्यात नसतं.

तो : जे भेटलं नाही ते मी कसं लिहू?

ती : भेटलं नाही असं लिहा. आडनाव सांगितल्यावर बाज पुढं आली, असं लिहा. आडनाव सांगितल्यावर गावातल्या कुठल्या वस्तीकडं ‘तिकडं नका जाऊ’ म्हणून हात केला, तेही लिहा. रात्री देवळाच्या ओसरीवर झोपलात ना? तिथं एकट्या बाईला झोपता आलं असतं का, ते लिहा. पंक्चरवाल्याच्या टपरीवर, हॉटेलात, पेट्रोलपंपावर बाईला जाता येईल अशी मोरी कुठं होती आणि कुठं नव्हती, ते लिहा. एवढ्या लांबच्या वाटेवर तुम्ही सगळीकडं थांबता, तुमच्याइतकं हे कुणाला माहीत असणार?

तो : लिहीन. पण मग ते प्रवासाचं वर्णन राहील का, याची मला शंका आहे. मी निघतो तेव्हा मोकळा असतो, त्या मोकळेपणासाठीच निघतो. प्रत्येक थांब्यावर अशी नोंद घ्यायची तर तोही एक फलकच झाला, फक्त सायकलला न लावता डोक्यात लावलेला. बिनकामाच्या प्रवासाला तुम्ही पुन्हा काम देताय. मी ते नाकारत नाही. पण त्यात माझं काहीतरी जाईल, हेही तुम्ही मान्य करा.

ती : मान्य आहे. जाईल. आणि ते जायला हवंच, असं मी छातीठोकपणे म्हणत नाही. तुमचा मोकळेपणा काढून घेतला म्हणून तो आमच्या मुलींना मिळत नाही. तुम्ही काम पाठीवर घ्यावं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी एवढंच म्हणेन की पुढच्या वेळी आमच्या गावावरून जाल तेव्हा दोनदा जा. सकाळी शाळेच्या वेळी त्या रस्त्यावर मुलींच्या सायकलींनी वाट अडते, घंटी वाजवून वाट मागावी लागते. संध्याकाळी दिवे लागल्यावर त्याच रस्त्यावर सायकलवर एकही मुलगी नसते, पोरं मात्र असतात. सकाळचा रस्ता तुम्ही लिहालच. संध्याकाळचाही लिहा.